शनी दिसला, पण दुर्बिणीत नव्हताच

मागच्या अंकात मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या आकाशदर्शन वर्गाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की संपादक म्हणाले आता तुम्हीच बसा उत्तरं द्यायला. पाच निवडलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं आणि रिटायर झाल्यावर पुण्यात दर गुरुवारी हा वर्ग घेते. डोळ्यांबद्दल जे लिहिलंय ते अनुभवाचं आहे, डॉक्टरकीचं नाही, तेवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या कॉलनीत साठीच्या पुढच्या लोकांसाठी असाच वर्ग सुरू करायचा विचार आहे. शाळेतल्या मुलांना शिकवण्यापेक्षा यात वेगळं काय असतं? (सातारा)

सर, एक प्रसंग सांगते, त्यात बहुतेक सगळं आलं.

पहिलीच बॅच होती. संघाच्या गच्चीवर माझी सहा इंची दुर्बीण लावली, शनी धरला, आणि वीस-बावीस जणांची रांग. एकेक जण येतोय, डोळा लावतोय, 'वा वा', 'छान दिसलं हं', 'धन्य झालो' म्हणून पुढे जातोय. मी खूश. दहाव्या की अकराव्या नंबरला एक काकू आल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, 'बाई, मला तर नुसता काळोख दिसतोय, माझंच काहीतरी चुकत असेल.' मी डोळा लावला तर शनी दुर्बिणीत नव्हताच! माझी दुर्बीण हाताने फिरवायची, मोटर नाही. शंभरपट मोठं करून बघताना आकाशाचा जेमतेम अर्धा अंश तुकडा दिसतो आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ग्रह दोन मिनिटांत त्यातून सरकून निघून जातो. मी गप्पा मारण्यात दंग, म्हणजे आधीच्या सहा-सात जणांनी काळोखालाच 'वा वा' केलेलं.

शाळेतलं पोरगं असतं तर पहिल्या सेकंदाला ओरडलं असतं, 'मॅडम, काहीच दिसत नाहीये'. मोठ्या माणसांना मागे रांग खोळंबलीय याचा संकोच, आपला चष्माच जुना असेल असं वाटतं, आणि शिकवणाऱ्याला वाईट वाटू नये हा भिडस्तपणा तर हाडीमांसी मुरलेला. तेव्हापासून मी 'दिसलं का?' हा प्रश्नच बंद केला. 'कडं कुठल्या बाजूला झुकलंय?', 'शेजारी बारीक ठिपका आहे का?' असं विचारते, आणि प्रत्येकाच्या हातात पोस्टकार्डाएवढा कागद आणि पेन्सिल, जसं दिसेल तसं काढायचं. त्याच काकूंना मी शनी परत धरून दिला, त्यांनी काढलेलं चित्र म्हणजे चक्क दोन कानांत डूल घातलेला चेहरा. मी त्यांना सांगितलं की १६१० साली गॅलिलिओला पण कडं कळलं नव्हतं, त्याला मधे एक मोठा गोळा आणि दोन्ही बाजूंना दोन छोटे असं वाटलेलं, कड्याचा उलगडा पुढे हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने केला. काकू म्हणाल्या, 'म्हणजे मी गॅलिलिओच्या वर्गातली.' ते पोस्टकार्ड अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

बाकी किरकोळ सूचना. दुर्बिणीजवळ स्टूल ठेवा, वाकून बघताना कंबर धरते. गच्चीवर वायर पसरू नका. टॉर्चला लाल जिलेटीन लावा, आकाशकंदिलाचं उरलेलं चालतं. आणि स्लाइड दाखवायच्या असतील तर वीसच्या वर नकोत, मी एकदा अंधाऱ्या हॉलमध्ये ऐंशी दाखवल्या, दिवे लावले तर अर्धा वर्ग घोरत होता.

प्रश्न : वय ६९. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर आहे. मुलगा अमेरिकेहून येताना बायनॉक्युलर आणतो म्हणतोय, कुठला सांगू? आणि या वयात उपयोग होईल का? (कोल्हापूर)

होईल की, पण मुलाला 'सगळ्यात मोठा आण' असं अजिबात सांगू नका.

बायनॉक्युलरवर ७×५०, १०×५० असे आकडे असतात. पहिला म्हणजे कितीपट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते, म्हणजे ७×५० चा झोत साधारण सात मिलिमीटर जाड. आता गंमत अशी की अंधारात विशीतल्या पोराची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पण आपल्या वयाला ती पाचापर्यंत आली तरी खूप. म्हणजे बाकीचा उजेड पापणीवर वाया, आणि वजन मात्र तुम्ही उचलायचं. १०×५० चा झोत पाच मिलिमीटरचा, हिशोब बसतो, पण दहापट मोठं करताना हाताचा कंपही दहापट दिसतो आणि तो सातशे-आठशे ग्रॅमचा धोंडा पाच मिनिटांत खांदे काढतो. म्हणून माझं मत ८×४०, किंवा ८×४२ मिळाला तर तो. झोत तोच पाचाचा, वजन कमी. ऑनलाइन '३०×६० झूम' वगैरे दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका, दोन मिलिमीटरच्या भोकातून आकाश काय बघणार.

हात असलेल्या आरामखुर्चीत मागे रेलून, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवून बघायचं, मान वर करकरून नाही. स्पॉन्डिलायटिसवाल्यांनी तर नाहीच नाही. अंधारात गेल्यावर डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं द्या आणि तेवढ्यात व्हॉट्सॲप उघडू नका, एकदा स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून. कृत्तिकांचा पुंजका बघा, नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसणाऱ्या चांदण्या बायनॉक्युलरमधून कितीतरी होतात.

आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत एक प्रयोग जरूर करा, ही संधी परत नाही. पौर्णिमेच्या आसपास चंद्राकडे आधी एका डोळ्याने मग दुसऱ्याने बघा. मोतीबिंदूवाल्या डोळ्याला तो पिवळसर दिसेल आणि नवीन लेन्सवाल्याला पांढराशुभ्र, जरासा निळसरच. जुनी लेन्स वयाने पिवळी पडलेली असते आणि निळा रंग गाळून टाकते. आमच्याकडच्या एक आजी हे बघून घरी गेल्या आणि म्हणे सगळे पडदे धुवायला काढले.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, पंचांग तोंडपाठ. तुमच्यासारख्या वर्गात घालायचंय, पण ते पत्रिका, राशी यावरून वाद घालतील अशी भीती वाटते. (नाशिक)

घालू द्या की! पंचांगवाला माणूस म्हणजे माझ्यासाठी तयार जमीन. अश्विनी भरणी कृत्तिका रोहिणी, सत्तावीस नावं एका दमात म्हणतात, फक्त त्यातलं एकही समोर भेटलेलं नसतं, लग्नपत्रिकेतल्या 'आमच्या येथे'च्या खालच्या नावांसारखं. मी म्हणते, कार्तिकातली पौर्णिमा कुठल्या नक्षत्राजवळ? कृत्तिका. चैत्रातली? चित्रा. मग चला, गच्चीवर जाऊन चंद्राशेजारी कोण बसलंय ते बघू. लग्नात अरुंधती दाखवतात तीसुद्धा भर दुपारी मांडवाच्या छताकडे बोट करून दाखवलेली असते, ती सप्तर्षींच्या शेपटीतल्या वसिष्ठाला चिकटून खरीखुरी दिसली की पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न आठवून जी धमाल उडते ती विचारू नका.

पत्रिकेचं म्हणाल तर मी वाद घालत नाही, संक्रांतीचं गणित देते. उत्तरायण खरं सुरू होतं २१-२२ डिसेंबरला, आणि सूर्य मकर राशीत शिरला म्हणून आपण तीळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. मधले चोवीसेक दिवस कुठून आले? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला साधारण २६,००० वर्षं, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होत होत्या, नंतर संक्रांत हळूहळू पुढे सरकत गेली. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३. यावर आमच्या वर्गात एका आजोबांनी विचारलं, मग पानिपत? १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत होती असं आपण लहानपणापासून ऐकतो ना. मी म्हटलं हिशोब तुम्हीच करा. त्यांनी केला, संक्रांत त्या साली तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली निघाली. पुढचे दोन गुरुवार दुसरा विषय निघाला नाही. तुमच्या वडिलांना पाठवाच.

प्रश्न : एम.एस्सी. फिजिक्स झालंय, वय २६. खगोलशास्त्र शिकवणं हेच करिअर करायचंय. घरचे म्हणतात आकाश बघून पोट भरतं का? (छत्रपती संभाजीनगर)

घरच्यांचं अगदीच चुकत नाहीये. 'खगोलशास्त्राचा शिक्षक' अशी पोस्ट शाळेत नसते, विज्ञान-भूगोलातले चार धडे असतात. माझा पगार आयुष्यभर फिजिक्सचा आला, आकाश फावल्या वेळातलं. संशोधनात जायचं तर पुण्यातल्या आयुका, एनसीआरए, मुंबईची टीआयएफआर अशा संशोधनसंस्थांच्या पीएच.डी. प्रवेशपरीक्षांची तयारी करा, वय अजून हातात आहे. मुंबईच्या नेहरू तारांगणासारख्या ठिकाणी नोकऱ्या असतात पण मोजक्या. तोवर बी.एड. किंवा नेट-सेट करून फिजिक्सची नोकरी धरा आणि शनिवार-रविवार एखाद्या हौशी मंडळात घासा, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. ज्येष्ठांचे वर्ग तर नक्की घ्या. फी फार मिळत नाही, मी महिन्याला दोनशे घेते आणि त्यातले निम्मे चहा-बिस्किटात जातात. पण ही मंडळी परीक्षेसाठी येत नाहीत, त्यामुळे 'का?' विचारायला लाजत नाहीत, फक्त आधी तो भिडस्तपणा मोडावा लागतो.

प्रश्न : २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इजिप्तची टूर जाहीर झालीय. वय ७१, गुडघे बेताचे. जावं का? भारतातून दिसणार नाही का? (ठाणे)

आपल्याकडे खंडग्रास आहे, संध्याकाळकडे, पण ती आषाढातली अमावस्या, दिव्यांची आवस, म्हणजे ढगांचाच भरवसा जास्त. लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला राहील, असा योग फार क्वचित येतो.

पण टूरवाल्याला दोन गोष्टी आत्ताच विचारा. ऑगस्टमध्ये तिथे चाळिशीच्या वर तापमान असतं, तर ग्रहणाच्या दोन-तीन तास आधीपासून सावली, पाणी आणि बाथरूम किती पावलांवर आहे? आणि दुसरं, सूर्य पूर्ण झाकला जाईल तेव्हा दुपारचा एक नुकताच वाजून गेलेला असेल आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर, खुर्चीत ताठ बसून मानेचे हाल होतील, तेव्हा मागे रेलणारी खुर्ची किंवा निदान चटई मिळणार का? ग्रहणाचे चष्मे इथूनच प्रमाणित बघून न्या, पूर्ण काळोख झाल्यावरच काढायचे आणि हिऱ्याच्या अंगठीसारखा उजेड फुटला की लगेच परत घालायचे.

मी जातेय. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला मी अठरा वर्षांची होते. खग्रासचा पट्टा कारवार-हुबळीवरून गेला, आम्ही पुण्यात, आणि आईने दुपारी सगळ्या खिडक्या घट्ट लावून पाण्यात तुळशीपत्र टाकून आम्हा भावंडांना आत बसवलेलं. पश्चिमेच्या खिडकीच्या फळीला वाळवीने बारीक बारीक भोकं पाडली होती. त्यातून शहाबादी फरशीवर रोज उन्हाचे गोल ठिपके पडायचे, त्या दिवशी बघते तर प्रत्येक ठिपक्याची कोर झालेली, दहा-बारा कोरी, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. मी आईला हाक मारली. ती आली, वाकून बघितलं, आणि तुळशीचं भांडं हातात तसंच धरून फरशीवर बसून राहिली.