हीट लोड आधी हाताने काढ, सॉफ्टवेअर नंतर

प्रश्न : मी नाशिकला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. इमारतींचं एनर्जी मॉडेलिंग आणि एसीचा हीट लोड काढणं शिकायचंय, पण बारावीनंतर थर्मोडायनॅमिक्सशी संबंध आलेला नाही. सॉफ्टवेअरचा एक महागडा कोर्स आहे. लावू का?

उत्तर : इतक्यात नको. लोड म्हणजे खोली गार ठेवायला एसीने बाहेर काढायची उष्णता, आणि ती काढायला लागणारं गणित बेरीज-गुणाकाराचंच आहे. आधी एका खोलीचा लोड कागदावर किंवा एक्सेलमध्ये काढ. ते जमल्याशिवाय सॉफ्टवेअरने दिलेला आकडा बरोबर की चूक, हे तुला ओळखता येणार नाही.

मुंबईतलं 60 चौरस मीटरचं, 12 माणसांचं ऑफिस घे. बाहेर 34 अंश, आत 24. पश्चिमेला 10 चौरस मीटर साधी काच. तिचा यू-व्हॅल्यू (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे आत येणारे वॉट) साधारण 5.7, म्हणजे तापमानातल्या फरकामुळे आत येणारी उष्णता 5.7 × 10 × 10 = 570 वॉट. आता ऊन धर. दुपारी काचेवर 500 वॉट प्रति चौरस मीटर पडत असेल आणि काचेचा एसएचजीसी (पडलेल्या उन्हापैकी उष्णता म्हणून आत येणारा वाटा) 0.8 असेल, तर 4000 वॉट आत येतात. काच 0.27 ची घेतली तर 1350. फरक 2650 वॉटचा. एसीचा एक टन म्हणजे 3517 वॉट, तेव्हा एका काचेच्या निवडीत पाऊण टन वाचला. हा निर्णय आर्किटेक्टच्या हातात असतो, म्हणून तुझ्यासारखीने हे शिकावं असं मला मनापासून वाटतं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, तिथे नुसता आडवा छज्जा पुरत नाही, हेही याच आकड्यांत दिसेल.

पुढे माणसं (प्रत्येकी सुमारे 125 वॉट), दिवे, कॉम्प्युटर. मग ताजी हवा, आणि नवशिके बहुतेक इथेच अडतात. माणशी 2.5 लिटर आणि चौरस मीटरला 0.3 लिटर प्रति सेकंद धरले तर 48 लिटर होतात. ती हवा थंड करायला 1.2 × 48 × 10 = 576 वॉट (1.2 आणि पुढचा 3 हे हवेसाठीचे ठरलेले गुणक). पण पावसाळ्यात बाहेरच्या हवेत किलोला 20 ग्रॅम बाष्प असतं, आत 9 च्या आसपास हवं. ते काढायला 3 × 48 × 11 = 1584 वॉट, म्हणजे जवळजवळ तिप्पट. मे महिन्यातल्या कोरड्या नागपुरात हेच गणित उलटतं. म्हणून सायक्रोमेट्रिक चार्ट (हवेचं तापमान आणि बाष्प एकत्र दाखवणारा तक्ता) वाचायला नीट वेळ दे, आठवडा गेला तरी चालेल.

दोन चुका टाळ. प्रत्येक बाबीचा कमाल आकडा घेऊन बेरीज करू नकोस : पूर्वेच्या काचेचा कमाल भार सकाळी, पश्चिमेचा दुपारी उशिरा, आणि नऊ इंची विटांची भिंत उष्णता काही तास उशिरा आत सोडते. बेरीज तासागणिक कर. दुसरं, ‘इतक्या फुटांना एक टन’ या ठोकताळ्यावर विसंबू नकोस. मशीन मोठं झालं की खोली झटकन गार करून थांबतं, बाष्प पुरेसं काढत नाही आणि खोली गार पण दमट राहते.

लोड म्हणजे सर्वांत कठीण तासाचा हिशोब, मॉडेल म्हणजे वर्षाच्या 8760 तासांचा. त्यासाठी एनर्जीप्लस आणि ओपनस्टुडिओ ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पहिलं मॉडेल त्याच खोलीचं, एकाच झोनचं (सगळीकडे एकच तापमान धरलेल्या भागाचं) कर आणि हाताच्या आकड्याशी ताडून बघ. दहा-वीस टक्के फरक चालेल. दुप्पट आला तर उत्तर दिशा, आयपी-एसआय (फूट-पौंड आणि मेट्रिक) एककं, हवामानाची फाइल आणि दिव्यांचं वेळापत्रक तपास. दिवे रात्रभर चालू राहिलेले असतात, ही नेहमीची चूक.

नंतर ओळखीच्या एखाद्या दवाखान्याची किंवा बँक शाखेची बारा महिन्यांची वीजबिलं मिळव, त्या जागेचं मॉडेल कर आणि महिन्यागणिक युनिट जुळतात का पाहा. पावसाळ्यातले महिनेच जुळत नसतील तर ताज्या हवेचा आकडा पुन्हा बघ. ग्रीन बिल्डिंग सल्लागारांकडे इंटर्नशिपला अर्ज करताना प्रमाणपत्राऐवजी ही एक्सेल शीट आणि बिलांची तुलना जोड. अंतिम मशीन आणि डक्टची निवड मात्र मेकॅनिकल इंजिनिअरकडेच राहू दे.

कोर्स त्यानंतर. लावण्याआधी संस्थेला एकच विचार : मॉडेल खऱ्या बिलांशी जुळवायला शिकवता का?