मधल्या वर्षांचं काय करशील?

तुझं पत्र वाचलं. अभिनयात सुरुवात कशी करायची, असं विचारलंयस. ते तुला सांगलीत कुणीही सांगेल: राज्य नाट्य स्पर्धेत उभी राहा, एकांकिका कर, मग पुणे-मुंबई गाठ. बरोबरच आहे ते. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या रिकाम्या वर्षांबद्दल. लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण किंवा नुसतंच काम न येणं, यातलं काहीतरी होतंच. पन्नाशीत परत उभं राहता येईल की नाही, ते त्या वर्षांत ठरतं.

नीना गुप्ता यांनी २०१७ मध्ये इन्स्टाग्रामवर उघडपणे काम मागितलं आणि २०१८ मध्ये त्यांचा ‘बधाई हो’ हा सिनेमा आला, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. पण त्याआधीची कित्येक वर्षं त्या टीव्हीवर काम करत होत्या, हे विसरू नकोस. साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन. मध्ये आफ्रिकेत जाऊन आले आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट झाले. ‘नटसम्राट’ १९७० चं. तेही काही शून्यातून उभं राहिलेलं नव्हतं, डॉक्टरकी चालू असताना पुण्यात नाटकं केलेली होती.

तर मधल्या काळात हात चालू ठेवायचा. आठवड्याला नाटकाचं एक पान पाठ कर. एका वहीत डावीकडे क्यू, म्हणजे समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द, आणि उजवीकडे तुझं वाक्य, असं स्वतःच्या हातानं लिही. उजवी बाजू पोस्टकार्डानं झाक आणि क्यू वाचून बोल. नुसती आपलीच वाक्यं घोकणारा नट समोरच्यानं एक शब्द बदलला की गडबडतो. मग तेच भाजी निवडताना म्हण. हात कामात असताना वाक्य आलं तरच ते पाठ झालं समज. वय वाढलं की पाठांतराला वेळ लागतो, आणि सवय मोडलेली असेल तर फारच लागतो. आवाजासाठी रोज १५ मिनिटं मोठ्यानं वाचन पुरे.

गावाकडची बोली पुसू नकोस. प्रमाण मराठी कमव, पण बदल्यात ही देऊन टाकू नकोस. हल्ली मालिकांचं चित्रीकरण सातारा-कोल्हापुरात होतं आणि तिथे आई-आजीच्या भूमिकांना खरी बोली असलेल्या बायका लागतात.

ऑडिशन आता बहुतेक घरूनच पाठवायची असते. फोन स्टँडवर, आडवा, डोळ्यांच्या उंचीला. खिडकी तुझ्या समोर हवी, पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो. मागे साधी भिंत, फ्रेम छातीपासून वर. पंखा बंद, उकडलं तरी. समोरची वाक्यं वाचणाऱ्याला फोनच्या बाजूला बसव आणि हळू आवाजात वाचायला सांग. तो माइकजवळ असतो, त्यामुळे त्याचाच आवाज मोठा येतो आणि तू मागून बोलतेयस असं वाटतं. नजर त्याच्याकडे ठेव, लेन्समध्ये नको. शेवटी नाव, उंची, गाव आणि दोन्ही बाजूंचा चेहरा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर चित्र फुटतं.

फोटो तीन: चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण. फिल्टर नको. दर वर्षी नवे काढ. परत येणारे इथेच चुकतात: केस काळे करून दहा वर्षांपूर्वीचा फोटो पाठवतात. मग तरुण भूमिकेला ते थोराड दिसतात, आणि आजीच्या भूमिकेसाठी त्यांचं नावच कुणाला सुचत नाही. (पांढरे केस हे आपल्या धंद्यात भांडवल आहे, पण हे पटायला वेळ लागतो.)

फोन नंबर बदलू नकोस. ओळखीच्या कास्टिंगवाल्यांना, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्यांना, चार-सहा महिन्यांनी एक ओळ आणि एक ताजा व्हिडिओ, बस्स. रोजच्या ‘शुभ सकाळ’नं माणसं तुला म्यूट करतील. नावनोंदणीचे किंवा पोर्टफोलिओचे पैसे मागणारा भेटला तर तिथून उठायचं.

आणि पैसे. मालिकेचे पैसे साधारण ९० दिवसांनी हातात येतात, कधी त्याहून उशिरा. म्हणून मुंबईला जाताना सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव आणि दुसरं एखादं कमाईचं काम धरून ठेव. घरभाड्याच्या धास्तीनं घेतलेल्या भूमिका पुढे बरीच वर्षं चिकटतात.

येत्या रविवारी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठव. पंखा बंद करून.