'मॅमथ टास्क' मधला मॅमथ म्हणजे तोच हिमयुगातला केसाळ हत्ती का? आणि प्राण्याचं नाव विशेषण कसं झालं?

हो, तोच. अर्थ सरळ आहे, प्रचंड, अवाढव्य, अगडबंब. आपल्याकडे भीमावरून भीमकाय आलं तसंच काहीसं, फक्त इथे मधे राजकारण आणि चीज घुसलंय, आणि खरी मजा तिथेच आहे.

आधी मूळ बघू. सायबेरियात नदीचा काठ ढासळला की जमिनीतून मोठमोठे सुळे बाहेर यायचे. जिवंत जनावर तर कुणी पाहिलेलं नाही, मग तिथल्या लोकांची समजूत अशी की हा प्राणी जमिनीखालीच राहतो, बिळं पोखरत फिरतो आणि वर उजेडात आला की मरतो, म्हणून तर नेहमी मेलेलाच सापडतो! (लॉजिक म्हणून बघितलं तर वाईट नाहीये.) तिथल्या मान्सी भाषेत 'जमिनीचं शिंग' अशा अर्थाचा एक शब्द होता, त्यावरून रशियन 'मामोंत' आला असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि रशियनमधून १७व्या शतकाच्या शेवटी तो युरोपात पोचला. म्हणजे मुळात या शब्दाचा 'मोठं' या अर्थाशी काही संबंधच नव्हता.

तो संबंध जोडला अमेरिकेने. १८०१ मध्ये चार्ल्स विल्सन पील नावाच्या चित्रकाराने, त्याचं फिलाडेल्फियात स्वतःचं म्युझियम होतं, न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतातून एका राक्षसी जनावराची हाडं (लोक त्याला मॅमथच म्हणायचे) खणून काढली आणि सांगाडा उभा करून तिकीट लावून दाखवायला सुरुवात केली. गर्दी तर झालीच, पण त्यामागे देशाभिमानही होता. बुफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की अमेरिकेतले प्राणी म्हणजे किरकोळ, तिकडच्या हवेत सगळं खुरटंच राहतं. जेफरसनला हे भयंकर झोंबलेलं, एवढा मोठा सांगाडा म्हणजे त्यावर उत्तरच, आणि १८०१ मध्ये नेमका तोच राष्ट्राध्यक्ष झाला, त्यामुळे मॅमथ म्हणजे जवळजवळ त्याच्या पार्टीचा प्राणी झाला म्हणा ना.

आता चीज. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावात सगळे जेफरसनचे समर्थक, त्यांचा बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन लेलँड पण कट्टर समर्थक. गावातल्या गायींचं दूध गोळा करून सायडरसाठी सफरचंदं दाबायच्या यंत्रात त्यांनी चीजचा एक गोळा दाबला, वजन १,२३५ पौंड, म्हणजे साधारण ५६० किलो! विरोधी फेडरलिस्ट पार्टीवाल्याच्या एकाही गायीचं दूध घेतलं नाही असं सांगायचे. १ जानेवारी १८०२ ला ते वॉशिंग्टनला जेफरसनला भेट दिलं. लोक त्याला 'मॅमथ चीज' म्हणायला लागले कारण पीलच्या हाडांची चर्चा तेव्हा सगळीकडे चालू होती. फेडरलिस्ट पेपरवाल्यांनी 'मॅमथ' शब्द टिंगल म्हणून पकडला, पण पब्लिकला तो शब्दच आवडला, टिंगल राहिली बाजूला. मग बेकरीवाले 'मॅमथ ब्रेड' विकायला लागले, वॉशिंग्टनमध्ये एकाने १० मिनिटांत ४२ अंडी खाल्ली तर तो 'मॅमथ ईटर'. माझ्या मते प्राण्याच्या नावाचं विशेषण झालं ते इथेच, कारण एकदा ब्रेडला मॅमथ म्हटलं की मग त्यात केस, सुळे, हिमयुग काही उरत नाही, फक्त साइज उरते.

पुढे केंटकीतल्या 'मॅमथ केव्ह'चं पण तेच. नाव ऐकून वाटतं की तिथे मॅमथची हाडं मिळाली असतील, तर तसं काही नाही, गुहा प्रचंड आहे एवढंच. आजवर मोजलेली लांबी ६८० किलोमीटरच्या वर गेलीये, जगात सगळ्यात लांब.

आणि यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे पीलचा तो सांगाडा मॅमथचा नव्हताच! तो मॅस्टोडॉनचा होता, म्हणजे लांबचा भाऊबंद, वेगळा प्राणी. क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये त्याला हे वेगळं नाव दिलं, पण तोवर मॅमथ हा शब्द चीजवर, ब्रेडवर, अंडी खाणाऱ्यावर चिकटून बसला होता. बरं, खरा केसाळ मॅमथ आजच्या आफ्रिकन हत्तीएवढाच असायचा, त्यामुळे उंचीवर गेलं तर त्याला हा मान मिळायला नकोच होता.

वापराचं म्हणाल तर ज्याला खूप कष्ट, खूप माणसं किंवा खूप वेळ लागणार त्याला मॅमथ जास्त शोभतं, म्हणजे मॅमथ टास्क, मॅमथ प्रोजेक्ट, मॅमथ एफर्ट. नुसत्या मोठ्या खोलीला किंवा मोठ्या बॅगेला ह्यूज म्हटलं तरी भागतं. आणि त्याच्या आधी 'व्हेरी' लावू नका, 'व्हेरी मॅमथ' म्हणजे 'खूप अवाढव्य' म्हटल्यासारखं विचित्र वाटतं.