ओट्यापाशी लहान मुलं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. खाऊ करायला घेतला की तिलाही सगळं स्वतः करायचं असतं. पण वाडगं कलंडतं, सगळीकडे सांडतं आणि शेवटी मीच तिला बाजूला करते. इतक्या लहान वयात काही शिकवता येतं का?

उत्तर : नक्की येतं, फक्त जेवणाच्या घाईत नको. ओटा तिच्या छातीपर्यंत येत असेल तर खांदे उचलून ढवळावं लागतं, म्हणून वाडगं कलंडतं. काम तिच्या कमरेच्या उंचीवर आणा; बुटकं टेबल चालेल, नाहीतर सरळ जमिनीवर बसवा. वाडग्याखाली ओला करून पिळलेला रुमाल ठेवा आणि वाडगं अर्ध्याच्या वर भरू नका.

सुरुवात ओट्सच्या गोळ्यांपासून करा. एक मध्यम, चांगलं पिकलेलं केळं, एक कप ओट्स, दोन मोठे चमचे पीनट बटर. (शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर पीनट बटर वगळा.) हात साबणाने 20 सेकंद धुऊन झाले की केळं काट्याने पूर्ण चेचू द्या. ओट्स आणि पीनट बटर त्यानंतरच. सगळं एकदम घातलं तर केळ्याच्या गाठी राहतात. मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवा. ही दहा मिनिटं बहुतेक जण गाळतात आणि मग गोळे हाताला चिकटतात. ओट्सना ओल शोषायला तेवढा वेळ लागतोच. तरीही सैल वाटलं तर एकेक चमचा ओट्स वाढवा, भुगा होत असेल तर चमचाभर दूध घाला. गोळे वेडेवाकडे झाले तर तसेच राहू द्या. तुम्ही ते पुन्हा वळलेत, तर तिचं काम तुम्ही पुसून टाकलंत असं होतं.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा सुरी मागतो. द्यावी का?

उत्तर : द्या, पण तुम्ही शेजारी असाल तेव्हाच. लहान मुठीत बसेल अशी, गोल टोकाची, बारीक दात्यांची सुरी घ्या. पहिले काही दिवस फक्त केळं आणि उकडलेला बटाटा. गाजर इतक्यात नको: ते कडक असतं, गोल असल्याने घरंगळतं, आणि बोथट सुरीवर जोर दिला की ती सटकते. काकडी द्यायची तर आधी तुम्ही उभी चिरून दोन भाग करा आणि सपाट बाजू पाटावर टेकवून द्या. पाटाखालीही ओलं फडकं हवंच.

पकड दोन प्रकारची शिकवा. मोठा तुकडा असेल तर अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, मध्ये पुलासारखी कमान. सुरी त्या कमानीखालून जाते. चकत्या करताना बोटांची टोकं आत वळवायची, अंगठा त्यांच्या मागे. दर दोन-तीन कापांनंतर अंगठा पुढे सरकतो, तिकडे तुमचं लक्ष हवं. सुरी खाली दाबण्यापेक्षा पुढे-मागे ओढायला सांगा. बोलायचं असेल तर आधी सुरी खाली ठेवायची, हा नियम पहिल्या दिवसापासून मोठ्यांनीही पाळावा.

किसणी आणि सोलाणं याहून अवघड. किसताना तुकडा लहान होत जातो आणि बोटं दात्यांवर येतात. अंगठ्याएवढा तुकडा उरला की थांबायचं, उरलेला खाऊन टाकायचा.

प्रश्न : मुलांनी दह्याचं डिप केलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. कापलेलं सफरचंदही काळपट पडतं.

उत्तर : काकडी किसून घातली असेल तर पाणी तिचं आहे, मीठ ते बाहेर ओढतं. कीस आधी घट्ट पिळा, मीठ खाण्याच्या वेळीच घाला. पिळायचं काम मुलांना फार आवडतं. सफरचंदाच्या फोडी कपभर पाण्यात एक छोटा चमचा लिंबूरस घालून तीन-चार मिनिटं बुडवा. आंबटपणामुळे काळं पडण्याची क्रिया मंदावते.

पाच वर्षांच्या आतलं भावंड सोबत खाणार असेल, तर द्राक्षं उभी चार भागांत चिरा, सफरचंद किसून किंवा अगदी पातळ कापून द्या आणि अख्खे दाणे, सुकामेवा देऊ नका. घशात अडकतो. डिपसोबत त्याला मऊ उकडलेल्या गाजराच्या काड्या द्या. बोटांनी दाबल्यावर चिरडली, तर काडी नीट शिजली.