वाचकांचे प्रश्न : आधी ओळ, मग कवी

प्रश्न : 'औदुंबर' शिकवताना बालकवींच्या अकाली मृत्यूची हकिगत आधी सांगितली गेली आणि 'काळा डोह म्हणजे मृत्यू' असं टिपण मिळालं. आता ती कविता दुसऱ्या कुठल्याच अर्थाने वाचता येत नाही. मग कवीचं आयुष्य माहीत असावं की नसावं? (पदवीची विद्यार्थिनी)

उत्तर : असावं. इथे माहितीत खोट नाही, क्रम चुकला आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, १८९० साली जन्मले आणि १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे आधी कळलं की कवितेत पहिलं काळं दिसेल तिथे मन मृत्यू लिहून मोकळं होतं. पण तो शेवट आपल्याला ठाऊक आहे, ओळी लिहिणाऱ्याला नव्हता.

आता वही बाजूला ठेवा आणि कविता पुन्हा घ्या. ओळी आठच आहेत. दोनदा मोठ्याने म्हणा. तिसऱ्या वेळी फक्त रंग समासात उतरवा: हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह, काळिमा. चौथ्या वेळी नजर कुठून कुठे जाते ते पाहा. झरा, टेकडीकडचं गाव, शेतं, पायवाट, डोह आणि शेवटी झाड. या वाटेवर माणूस एकही नाही. गाव आहे तेही 'चार घरांचं', त्यातलं कुणी दिसत नाही. माणसासारखं शरीर मिळालं आहे ते एकट्या औदुंबराला. तो पाण्यात पाय टाकून बसला आहे.

मग मात्रा मोजा: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ अक्षराची दोन. 'ऐल तटावर' आठ, 'पैल तटावर' आठ. 'निळासावळा' आठ, 'झरा वाहतो' आठ. पहिल्या चारही ओळींत आठवी मात्रा शब्दाच्या शेवटाशी येते, त्यामुळे जीभ ठरलेल्या जागी थांबते. पाचव्या ओळीत 'पायवाट पांढरी तयांतुनि' म्हणताना मात्र आठवी मात्रा 'पांढरी'तल्या 'पां'वरच संपते, आणि थांबायची जागा शब्दाच्या पोटात जाते. पायवाट 'अडवीतिडवी' पडते असं जी ओळ सांगते, नेमक्या तिच्यातच चालही तिरकी होते. शेवटच्या दोन ओळींत, पाण्यापाशी, आठ-आठची चाल पुन्हा स्थिर होते. हे कुठल्याही चरित्रात सापडणार नाही. कान देऊन वाचणाऱ्यालाच ते मिळतं.

आता डोहाकडे या. पाण्यावर पसरणाऱ्या काळिम्याला कवीने 'गोड' म्हटलं आहे. 'काळा डोह म्हणजे मृत्यू' म्हणणाऱ्याने या 'गोड'चं काय करायचं ते सांगितलंच पाहिजे. ते सांगता आलं तर तो अर्थही टिकतो, नाहीतर तो चरित्रातून आणून कवितेवर चिकटवलेला आहे असं समजा.

एवढं झाल्यावर चरित्र उघडा. 'बालकवी' हे नावच बघा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ते त्यांना मिळालं, तेव्हा ते सतराच्या आसपास होते. पुढे वाचणाऱ्यांनी त्या नावावरून त्यांच्या कवितेत निरागसपणाच शोधला, आणि 'औदुंबर'मधली शांत उदासी पुष्कळांच्या हातून निसटली. चरित्रातल्या प्रत्येक माहितीला एकच प्रश्न विचारा: हिच्यामुळे कवितेतला कोणता शब्द उलगडतो? शब्द दाखवता आला तर माहिती टिपणात येऊ द्या, नाहीतर वहीच्या मागच्या पानावर.

प्रश्न : मुलीला साहित्य घेऊन पदवी करायची आहे. वाचनाने माणूस संवेदनशील होतो हे सगळेच सांगतात. पण चार वर्षं अभ्यास करून हाताशी नेमकं काय लागतं? (पालक)

उत्तर : संवेदनशीलतेच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. साहित्यिक कथा वाचल्यावर दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता लगेच वाढते, असा एक प्रयोग २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि खूप गाजला. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. वर्षानुवर्षांच्या वाचनाचा प्रश्न अर्थात वेगळा आहे, तो एका बैठकीच्या प्रयोगाने सुटत नाही.

हाताशी लागतं ते असं. मजकुरात कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि काय गाळतंय हे ओळखता येतं. 'मला असं वाटतं'च्या पुढे जाऊन 'या शब्दावरून असं वाटतं' म्हणायची सवय लागते. एकाच ओळीचे दोन अर्थ समोर ठेवून कोणता अधिक टिकतो हे तपासता येतं. संपादन, भाषांतर, अध्यापन, पत्रकारिता, कायदा या सगळ्या कामांत रोज हेच लागतं. मात्र हे आपोआप होत नाही. वर्षभर तयार टिपणं पाठ करून परीक्षा दिली तर यातलं काहीही येत नाही. अभ्यासक्रम निवडताना विषयांची नावं वाचत बसू नका. विद्यार्थ्यांना मूळ पुस्तकं वाचावी लागतात का, आणि लिहिलेले निबंध कुणी दुरुस्त करून परत देतं का, हे दोन प्रश्न विचारा.

प्रश्न : जुन्या आवृत्तीत 'गांव', 'सांवळा' असं छापलेलं दिसतं. नव्या आवृत्तीत ते दुरुस्त केलेलं असतं. अभ्यासाला कोणती घ्यावी?

उत्तर : तो अनुस्वार चूक नव्हे, त्या काळची लेखनपद्धती आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि असे अनुस्वार गेले. ते काढल्याने कवितेचं काही बिघडत नाही, कारण 'गां' आणि 'गा' दोन्ही दोनच मात्रांचे. बिघडतं ते ऱ्हस्व-दीर्घ 'सुधारल्यावर'. 'घेउन'चं 'घेऊन' किंवा 'तयांतुनि'चं 'तयांतुनी' केलं की एक मात्रा वाढते आणि ओळ लंगडते. म्हणून विकत घेण्याआधी पाठ असलेल्या दहा ओळी दोन आवृत्त्यांत ताडून पाहा. संपादकाचं नाव आहे का आणि मूळ मजकूर कुठून घेतला हे प्रस्तावनेत सांगितलंय का, तेही बघा. ही काळजी आपल्याकडे जुनीच आहे. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत पुढे अपपाठ, म्हणजे मूळचे नसलेले चुकीचे शब्द, शिरले होते, तेव्हा एकनाथांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली.

प्रश्न : कादंबरीवर निबंध लिहायला बसलो की गोष्टच लिहून होते. गुण कापले जातात. काय करू?

उत्तर : टिपणं पानांच्या क्रमाने काढलीत की निबंधही पानांच्या क्रमाने जातो. पहिलं वाचन पेन न घेता पुरं करा. मग एकच प्रश्न ठरवा, उदाहरणार्थ 'निवेदक आईबद्दल बोलताना कधी गप्प होतो?' दुसऱ्या वाचनात फक्त त्यासाठी पानं मोडा. त्यांतून दहा-बारा ओळींचे तीन उतारे निवडा: एक सुरुवातीचा, एक जिथे काहीतरी उलटतं तिथला, एक शेवटचा. ते हाताने उतरवून काढा. उतरवताना क्रियापदं आणि विरामचिन्हं डोळ्यांत भरतात, नुसत्या वाचनात ती निसटतात. आठशे शब्दांच्या निबंधात कथानकाला शंभर शब्द पुरे. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य पाहा. ते 'त्यानंतर' किंवा 'पुढे'ने सुरू होत असेल तर तिथे गोष्ट घुसली आहे.

प्रश्न : कथेतला 'मी' म्हणजे लेखकच ना?

उत्तर : स्वतःचंच बालपण सांगतानाही लेखक 'सांगणारा' वेगळा घडवतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तकात मात्र श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री गोष्ट सांगतो. तुरुंग गेला आणि समोर बसून ऐकणारी माणसं आली. त्यामुळेच श्यामला मध्येच थांबता येतं, गहिवरता येतं, 'गड्यांनो' म्हणता येतं. म्हणून उत्तरपत्रिकेत 'लेखक म्हणतो' लिहिण्याआधी क्षणभर थांबा आणि 'श्याम म्हणतो' लिहा.