रायफल शरीराला जुळवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी १० मीटर एअर रायफलचा सराव करते. उभ्याने नेम धरताना तिची मान दुखते. क्लबच्या रायफलमध्ये काय बदलावे?

उत्तर : आधी तिला रायफलशिवाय उभे करा. ती उजव्या खांद्यावरून नेम धरत असेल, तर डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकलेले आणि डोके सरळ असावे. अशा स्थितीत तिचा डोळा जिथे असेल तिथे साइट (नेम धरण्याचे साधन) आली पाहिजे. साइटसाठी मान वाकवावी लागली, की दुखणे आलेच. क्लबची रायफल बहुधा मोठ्या माणसाच्या मापाला लावलेली असते. म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घालून, प्रथम बट-प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) खाली सरकवा, म्हणजे रायफल वर येईल. मग चीक-पीस (गाल टेकवण्याचा भाग) असा लावा, की गाल सहज टेकताच डोळा डायॉप्टरच्या (डोळ्याजवळच्या, बारीक छिद्राच्या मागच्या साइटच्या) मध्यावर यावा. हे तपासण्यासाठी तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावू द्या आणि नंतर डोळे उघडायला सांगा. फोरसाइटभोवतीचे (नळीच्या टोकावरच्या साइटभोवतीचे) प्रकाशाचे कडे सगळीकडून सारखे दिसले नाही, तर चीक-पीस अजून जुळलेला नाही. साइट तरीही खाली राहिल्यास राइझर (साइट उंच करणारे ठोकळे) बसवावेत. आणि कृपया वजने लावण्याची घाई करू नका, रायफलचे एकूण ५.५ किलो वजन ही नियमाने घातलेली कमाल मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे.

प्रश्न : माझे शॉट सतत उजवीकडे जातात. साइटचे क्लिक (नेम सरकवणाऱ्या स्क्रूचे टप्पे) फिरवू का?

उत्तर : लगेच नको. नेम धरून डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या आणि डोळे उघडा. फोरसाइट टार्गेटच्या उजवीकडे सरकलेली दिसली, तर तुमचे शरीरच तिकडे वळलेले आहे आणि हाताने ओढून आणलेली रायफल शॉटच्या क्षणी परत जाते. अशा वेळी पाय किंचित फिरवून संपूर्ण स्थिती वळवावी. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असल्याने ही ओढाताण लपत नाही.

प्रश्न : ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये एकच सेटिंग चालेल का?

उत्तर : नाही. नीलिंग (गुडघा टेकून), प्रोन (पालथे झोपून) आणि स्टँडिंग (उभ्याने) या स्थितींमध्ये डोके व खांदा यांचे नाते बदलते. बट-प्लेट बहुतेकांना प्रोनमध्ये सर्वांत वर आणि स्टँडिंगमध्ये सर्वांत खाली लागते. प्रोनमध्ये स्लिंगच्या (रायफलला आधार देणाऱ्या, दंडाला बांधलेल्या पट्ट्याच्या) हाताचा पुढचा भाग जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करतो ना, हे हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा भाग) सरकवल्यावर दर वेळी पाहा. स्टँडिंगमध्ये स्लिंग वापरता येत नाही. प्रत्येक स्थितीचे आकडे वहीत लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.