पुण्यात जुना जॅझ कशासाठी, आणि नवख्याने तो ऐकावा कसा?

तुम्ही विचारले आहे की, सवाई गंधर्व महोत्सवाच्या या शहरात शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन जॅझ वाजवणारे आणि त्यावर व्याख्याने ठेवणारे एखादे लहान मंडळ कशासाठी चालते, आणि ज्याने आयुष्यभर ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकले त्याने तिथे जाऊन नेमके काय ऐकावे. अशा एका मंडळात मी गेली अकरा वर्षे आहे. सतरंज्या घालण्यापासून व्याख्यान देण्यापर्यंत सगळी कामे केली आहेत, त्यामुळे अनुभवावरूनच उत्तर देतो.

पारंपरिक जॅझ म्हणताना आम्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात, मुख्यतः कृष्णवर्णीय वादकांच्या हातून घडलेले आणि १९२०च्या दशकात शिकागोला जाऊन बहरलेले संगीत धरतो. नंतरचा स्विंग किंवा बीबॉप आम्हाला आवडत नाही असे नाही, पण ते ऐकण्याची सोय इतरत्र आहे. जुन्या शैलीला मात्र वाजवणारेही कमी आणि ऐकणारेही कमी.

मंडळाची गरज कशासाठी, हे मला समजले ते एका ध्वनिमुद्रणाची माहिती वाचताना. न्यू ऑर्लिन्सचे कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर यांच्या क्रिओल जॅझ बँडची (कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखेच, थोडे आखूड पितळी वाद्य) पहिली ध्वनिमुद्रणे एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी, गेनेट कंपनीच्या स्टुडिओत झाली. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवायचे आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणाच्या तबकडीवर रेषा कोरणार. ढोलाचा ठोका पडला की ही सुई उडत असे, म्हणून ड्रमवादक बेबी डॉड्स यांना तिथे बहुतेक लाकडी ठोकळ्यांवरच भागवावे लागले. एकवीस वर्षांच्या दुसऱ्या कॉर्नेटवादकाचा आवाज इतका दमदार होता की त्याला इतरांच्या बराच मागे उभे केले गेले. तो वादक म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. शिवाय तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि नाचाच्या दालनात हीच रचना कितीतरी अधिक वेळ चालत असे. म्हणजे आज आपल्या हाती ज्या तबकड्या आहेत, त्यांत ढोल नाही, खर्ज पुरेसा नाही आणि विस्तारही नाही. पुण्यातल्या श्रोत्याला हे पटवून द्यावे लागत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांची तबकडी ऐकून आपण त्यांची मैफल ऐकली, असे इथे कोणी म्हणणार नाही. जे कर्ण्यात मावले नाही ते ऐकायचे, तर कोणीतरी समोर बसून वाजवले पाहिजे. आणि जे वाजवले जात आहे ते कुठून आले हे कळायचे, तर कोणीतरी ते सांगितले पाहिजे. आमचे मंडळ या दोनच कामांसाठी आहे.

ही दोन्ही कामे एकत्र करायची असतात, हे कळायला आम्हाला तीन वर्षे लागली. सुरुवातीला आम्ही फक्त व्याख्याने ठेवत होतो. पडद्यावर छायाचित्रे, मध्येमध्ये ध्वनिमुद्रणाचे तुकडे, शेवटी चहा. दुसऱ्या वर्षाअखेर श्रोते निम्म्यावर आले. मग आम्ही उलटे केले आणि निवेदनाशिवाय नुसते वादन ठेवले, तेव्हा लोक आनंदाने आले खरे, पण वादन चालू असताना गप्पा मारू लागले, कारण कुठे कान द्यायचा हेच त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आता प्रत्येक रचनेआधी चार-पाच मिनिटे बोलणे आणि लगेच वादन, अशी पद्धत आहे. बोलणारा लांबला, तर बँजोवादकाने तार छेडायची, असा नियमच आहे.

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा आणि मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग, म्हणजे काय ऐकावे. आपल्या कानाला एका मुख्य कलाकाराची सवय असते. गवई गातो आणि तबला, पेटी, तानपुरा त्याच्या मागे असतात. न्यू ऑर्लिन्सच्या शैलीत आघाडीच्या फळीत कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन ही तीन वाद्ये असतात आणि तिघेही एकाच वेळी वेगवेगळे सुचेल ते वाजवत असतात. नवख्याला हा गलका वाटतो. आम्ही हा गलका सोडवून दाखवला तो दिवस मला अजून तपशीलवार आठवतो. सदाशिव पेठेतल्या एका शाळेचे छोटे सभागृह होते, बाहेर श्रावणातला पाऊस होता, आणि ओल्या हवेने क्लॅरिनेटची पात फुगल्यामुळे वादकांनी ती तीनदा बदलली होती. रचना साधी, बारा खंडांची ब्लूज होती. प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन, चार-चार खंडांच्या तीन ओळींत विभागलेले. आधी एकट्या कॉर्नेटने चाल वाजवली: सरळ, ठाशीव, कोणालाही गुणगुणता येईल अशी. दुसऱ्या आवर्तनात कॉर्नेट थांबले आणि क्लॅरिनेटने फक्त स्वतःचा भाग वाजवला, तेव्हा लोकांच्या लक्षात आले की ती चाल नव्हेच. चालीच्या वरून आणि मधल्या मोकळ्या जागांतून फिरणारी ती वेगळी वेल होती. तिसऱ्यांदा ट्रॉम्बोनने खालचे सुटे, घसरते स्वर लावले. चौथ्या आवर्तनात तिघे एकत्र आले, आणि पहिल्या रांगेतल्या एक आजी, ज्या भजनी मंडळात वर्षानुवर्षे पेटी वाजवत होत्या, शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, ‘अगो, हे तिघे एकमेकांशी बोलताहेत!’

त्या दिवसापासून मी नवीन श्रोत्याला एवढेच सांगतो की, पहिल्या वेळी फक्त क्लॅरिनेटच्या मागे जा. कॉर्नेट आपोआप ऐकू येते, कारण चाल त्याच्याकडे असते. ट्रॉम्बोनच्या त्या घसरत्या वादनाला इंग्रजीत ‘टेलगेट’ असे जे नाव आहे, ते गाडीच्या मागच्या फाळक्यावरून आलेले आहे. बँड घोडागाडीतून गावभर जाहिरात करत फिरे, तेव्हा ट्रॉम्बोनची सळई पुढे-मागे न्यायला जागा हवी म्हणून तो वादक फाळक्याशी बसायचा. आपल्या ओळखीच्या दोन गोष्टीही तिथे भेटतील. ब्लूजमध्ये गंधार आणि निषाद असे काही लावतात की ते शुद्धही नसतात आणि पुरते कोमलही नसतात, त्यांत मींड असते; ज्याने श्रुतीभेद ऐकलेले आहेत त्याला हे चटकन उमगते. आणि मधूनच सगळी वाद्ये दोन खंडांपुरती थांबतात, एकच वादक निराधार वाजवतो आणि मग सगळे मिळून ठरल्या जागी येऊन पडतात. त्या जागी आमच्या सभागृहातून हमखास सम आल्यासारखी दाद येते. एक सवय मात्र बदलावी लागते. आपण पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला टाळी देतो, तिथे ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला असते, आणि चुकीच्या मात्रेवर पडलेल्या शंभर टाळ्यांनी वादक खरोखर अडखळतात.

वादक कुठून येतात, हेही लोक विचारतात. पुण्यात प्रभात बँड, दरबार बँड यांसारखी जुनी पथके आहेत आणि विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ती ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. न्यू ऑर्लिन्समध्येही जॅझच्या मुळाशी रस्त्यावरची ब्रास बँड पथकेच आहेत, आणि दोन्ही शहरांत ही वाद्ये लष्करी बँडच्या परंपरेतून आली. तिथे अंत्ययात्रेलाही बँड असतो. स्मशानभूमीकडे जाताना संथ प्रार्थनागीते आणि परतताना नाचाचा ठेका, आणि मागून चालणारी माणसे छत्र्या नाचवत त्यात सामील होतात. आमचे कॉर्नेटवादक पेठेतल्या एका बँड पथकातले आहेत. स्वरलिपी त्यांना वाचता येत नाही. एखादी रचना मोबाइलवर दहा-बारा वेळा ऐकायची आणि बोटांत बसवायची, ही त्यांची रीत, आणि हे संगीत घडवणाऱ्यांपैकीही अनेकांची तीच रीत होती. त्यांच्यामुळेच आमचे वेळापत्रक पंचांगाला बांधलेले आहे. लग्नसराईत ते मोकळे नसतात, गणपतीत आणि नवरात्रात तर नाहीतच, म्हणून आमचे मोठे कार्यक्रम आषाढ-श्रावणात आणि पितृपंधरवड्यात होतात. मागे एका सभागृहाच्या व्यवस्थापनाने ‘बँड’ हा शब्द वाचून आमच्याकडून वरातीचे दर मागितले आणि आवाजाची हमी लिहून घेतली. तेव्हा वाईट वाटले ते पैशांचे नव्हे, तर त्या वादकांसमोर हे बोलणे झाले याचे.

हे संगीत आपल्यासाठी परके आहे, या समजुतीबद्दल मी फारच थोडे लिहितो, कारण त्यावर आमची दोन स्वतंत्र व्याख्याने झालेली आहेत. लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. शिकागोत आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर वाजवलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड मुंबई आणि कलकत्त्यात राहिले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यातच वारले. त्यांच्या काळात गोव्याचे जे वादक तयार झाले, त्यांतले आल्दोनाचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात आले, आणि १९५१च्या ‘अलबेला’तला तो झगमगता बँड तुम्ही पडद्यावर पाहिलेला असेल. म्हणजे विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेल्या पुणतांब्याच्या या मराठी संगीतकाराने हे सूर आपल्या घरात आधीच आणून ठेवलेले आहेत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि त्याच तबकडीवर आर्मस्ट्राँग यांच्या ‘हॉट सेव्हन’ या बँडचे वादनही आहे.

मंडळात आमचा एक जुना वाद आहे आणि तो मिटू नये असेच मला वाटते. काही सदस्यांचे म्हणणे असते की जुनी ध्वनिमुद्रणे स्वरन् स्वर तशीच वाजवावीत, नाहीतर परंपरा कसली. त्यांच्या बाजूने मोठा दाखला आहे: ऑलिव्हर यांनी १९२३ मध्ये ‘डिपरमाउथ ब्लूज’मध्ये कॉर्नेटच्या तोंडाशी म्यूट (आवाज दाबणारे झाकण) धरून वाजवलेली तीन आवर्तने पुढच्या पिढ्यांतल्या वादकांनी बंदिशीसारखी पाठ केली. माझे मत असे की ती शिकताना तशीच शिकावीत, अगदी श्वासाच्या जागांसकट. पण श्रोत्यांसमोर बसल्यावर वादकाने स्वतःचे सांगावे, कारण ज्यांनी हे संगीत निर्माण केले ते रोज रात्री तेच करत होते.

आमच्या व्याख्यानांत मला सर्वांत जड जाणारे व्याख्यान ऑलिव्हर यांच्यावरचेच आहे. हिरड्यांच्या आजाराने त्यांचे दात गेले, वादन सुटले, आणि ज्यांनी आर्मस्ट्राँग यांना शिकागोला बोलावून घेतले ते जॉर्जियातल्या सव्हाना गावी एका करमणूकगृहात झाडलोट करत होते. १९३८ मध्ये ते तिथेच गेले. न्यू ऑर्लिन्सच्या बंक जॉन्सन या ट्रंपेटवादकाचेही दात गेले होते, पण त्यांना काही संगीतप्रेमींनी खेड्यातून शोधून काढले, कवळी आणि वाद्य मिळवून दिले, आणि १९४२ मध्ये त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. ती कवळी सिडनी बेशे या थोर क्लॅरिनेटवादकाच्या दंतवैद्य भावाने बनवली होती. १९४८ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्येच श्रोत्यांनी जॅझ क्लब काढला आणि १९६१ मध्ये तिथे प्रिझर्वेशन हॉल सुरू झाला, जिथे म्हाताऱ्या झालेल्या वादकांना पुन्हा रोज वाजवायला जागा मिळाली. आमच्यासारख्या मंडळांचे काम किती साधे असते, हे मी नव्या सदस्यांना ऑलिव्हर आणि जॉन्सन या दोन माणसांच्या उदाहरणानेच सांगतो: वेळेवर कोणीतरी जाऊन विचारपूस करायची असते.

तुम्ही यायचे ठरवलेत, तर आधी घरी एकच ध्वनिमुद्रण ऐकून या. ऑलिव्हर यांनीच रचलेले ‘वेस्ट एंड ब्लूज’ आर्मस्ट्राँग यांनी २८ जून १९२८ रोजी शिकागोत वाजवले. सुरुवातीला साथ नाही, ठेका नाही. एकटे ट्रंपेट चार ठाम स्वर घेते, वर चढते आणि गडगडत खाली येते. हे सगळे पंधरा सेकंदांच्या आत. तुम्ही ख्याल ऐकणारे आहात, त्यामुळे ते पंधरा सेकंद कसे ऐकायचे हे मी सांगायला नको. त्यानंतर सगळे वादक संथ लयीत येतात, तिथे मात्र मी म्हटले तसे क्लॅरिनेटच्या मागे जा. श्रावणातल्या कार्यक्रमाला आलात, तर डावीकडच्या तिसऱ्या रांगेत बसा. तिथून ट्रॉम्बोनची सळई दिसते आणि बँजोही स्पष्ट ऐकू येतो.